प्रधानबाईंचं विमान

"मोकल, आधी हात धुऊन ये," प्रधानबाई म्हणाल्या.

गणपतीच्या कारखान्यात मी कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होतो. छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, हाताखाली चार कारागीर. पण बाईंनी सांगितलं म्हटल्यावर उठलो, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले आणि परत येऊन पालथे-उताणे करून दाखवले. बाईंनी आम्हाला पेणच्या शाळेत भूगोल शिकवला होता. नववीत मला त्यांनी दोन मार्कांनी नापास केलं होतं. वर सांगितलं होतं की दोन मार्क सहज देता आले असते, पण ब्रह्मपुत्रा तू उलटी वाहवलीस.

त्यांनी काखेतलं बोचकं माझ्या टेबलावर ठेवलं. आफ्रिकेच्या फाटक्या नकाशाच्या कापडात बांधलेला एक खोका. झाकणावर विमानाचं चित्र, खाली ढग, मागे धूर. कडेला चिकटपट्टी तशीच होती, पिवळी पडलेली.

"हे काय, बाई?"

"विमान."

"उडतं?"

"प्लास्टिकचं आहे. जोडावं लागतं. हरिकेन म्हणतात याला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचं. खरं विमान बत्तीस पटीने लहान केलं की एवढं होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्यांचं असलंच होतं."

बाई 'ह्यांचं' म्हणाल्या की पेणमध्ये समोरचा माणूस इकडेतिकडे बघायला लागायचा. मीही रंगाच्या डब्यांकडे बघितलं.

गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. बाईंचे यजमान रघुवीर प्रधान हे वैमानिक. बेचाळीस सालच्या मे महिन्यात लग्न झालं, सतरा दिवसांनी रजा संपली, ते गेले. पुढच्या फेब्रुवारीत अराकानच्या किनाऱ्यावर त्यांचं विमान परतलं नाही. तार आली ती 'बेपत्ता' अशी. बाई तेव्हा अठरा वर्षांच्या. सासरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली, कारण शास्त्रात तेवढी सांगितली आहे, आणि मग दर्भाचा पुतळा करून विधी उरकायचा असं ठरवलं. बाई तोवर बी.टी. होऊन शाळेत लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तार बेपत्ता अशी आली. मेले अशी नाही. मी भूगोल शिकवते, हरवलेलं आणि नसलेलं यातला फरक मला कळतो."

तेव्हापासून कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गावात याबद्दल दोन तट होते. काही घरी हळदीकुंकवाला बोलावणं जायचं, काही घरी मुद्दाम विसरायचे. बाई बोलावलं तर जायच्या आणि नाही बोलावलं तर कारण विचारायला जायच्या. तीस-चाळीस वर्षं असंच चाललं होतं आणि कोणाला फारसा त्रास नव्हता.

"आता काय झालं मग?" मी विचारलं.

"सदानंदाला झालंय." सदानंद म्हणजे बाईंचा पुतण्या, पाटबंधारे खात्यात कारकून. बाई त्याच्याकडेच राहायच्या. "त्याच्या मुलीचं लग्न जमत नाही. कोणी गुरुजी म्हणाले घरात एक माणूस विधीवाचून राहिलाय, तो आडवा येतोय. सोमवारी अमावास्या आहे. हरिहरेश्वरला जायची जीप ठरवून मोकळा झालाय. पुतळा करायचा, अग्नी द्यायचा, दहा दिवसांनी माझं कुंकू पुसायचं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आधी विमान होऊ दे. समोर ठेवून बघेन, मग सांगेन. संक्रांतीनंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात साधंच असतं. साधीच बिघडतात. म्हणून त्याआधी बघायचंय." त्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. "पंधरा वर्षांपूर्वी आलंय हे. जोडणारं कोणी नव्हतं. तुझा हात बरा आहे असं ऐकते. हा एकच आहे, मोकल. मोडलास तर दुसरा नाही."

त्या दिवशी मंगळवार होता. आमचा मार्गशीर्ष म्हणजे पुढच्या गणपतींचे साचे काढायचा महिना, मरणाचं काम. पण बाईंना नाही म्हणायची पेणमध्ये पद्धत नव्हती.

संध्याकाळी घरी सांगितलं तर सुगंधा, माझी बायको, पोळी लाटता लाटता म्हणाली, "नववीत नापास केलं त्याचं दक्षिणेसकट फेडताय म्हणा."

"जोडायचंच तर आहे. दोन अर्धुकं जोडायची, सांधा घासायचा. गणपती वेगळं काय असतो?"

"गणपतीला बाराशे रुपये मिळतात," ती म्हणाली.

बुधवारी बाई दहाच्या ठोक्याला हजर. सोबत हातभिंग आणि स्वतःचं स्टूल. चिकटपट्टी त्यांनी स्वतः नखाने काढली, आणि ती फेकली नाही, घडी करून पर्समध्ये ठेवली. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले भाग, प्रत्येकाला नंबर. पंख, धड, चाकं, पंख्याची पाती. धडाचा मागचा भाग बघून मी हरखलोच. खऱ्या विमानाला तिथे म्हणे लाकडी कामट्यांवर कापड ताणलेलं असायचं, आणि त्या कामट्या प्लास्टिकवरही उठवल्या होत्या. आम्ही मखराला बांबूवर कापड ताणतो तसंच. बत्तीस पट लहान करूनही कोणीतरी ती कामटी सोडली नव्हती. ज्याने हा साचा केला तो माणूस आमच्यातलाच असणार असं मला वाटलं आणि विमानाबद्दल जरा आपलेपणा आला.

खोक्यातला डिंक ट्यूबमध्येच दगड झाला होता. मी चौकटीच्या एका टोकावर थिनर लावून पाहिलं. प्लास्टिक विरघळून चिकटत होतं. काम सुरू झालं.

सूचनांचा कागद इंग्रजी होता. बाई भिंग धरून वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या, फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या. "पायरी क्रमांक दोन. भाग सात आणि आठ."

"एक कुठे गेली?"

"एक नंतर."

मी वरमलो. शाळेत बाईंना उलट विचारायची सवय नव्हती, ती आता कुठून येणार. पण दुपारी त्या घरी गेल्यावर कागद बघितला. इंग्रजी वाचता आलं नाही तरी चित्र कळतं. पायरी एकमध्ये खुर्ची होती, आणि खुर्चीत माणूस. माणूस खुर्चीत चिकटवायचा, खुर्ची धडात चिकटवायची आणि मग धडाची दोन अर्धुकं त्याच्यावर मिटायची.

तो माणूस मी चौकटीतून शोधून काढला. करंगळीच्या दोन पेरांएवढा, बसलेला, हात मांडीवर. डोक्याला टोपी, कानांवर रेडिओचे गोळे, गॉगल कपाळावर सरकवलेला. चेहरा मात्र कोरा. मी तो धडाच्या वरच्या भोकातून उतरवून बघितला. वरूनही जात होता. म्हणजे धड आधी मिटलं तरी अडणार नव्हतं. तसा मी त्याला काडेपेटीत ठेवून दिला आणि विचारायचं नाही असं ठरवलं.

गुरुवारी सदानंद आला, ऑफिसातून मधल्या सुट्टीत, डबा हातात. वाईट माणूस नाही. काकूला कधी उणं-दुणं बोललेला नाही. पण त्याला सगळं वेळेवर आणि लेखी लागायचं.

"मोकलशेठ, सोमवारपर्यंत होईल ना?"

"होईल."

"नाही, जीपवाल्याला सांगितलंय. गुरुजींनाही." तो डबा या हातातून त्या हातात घेत राहिला. "तुम्हाला वाटत असेल मुलीसाठी काकूला त्रास देतोय. ते आहेच. पण दुसरंही आहे. उद्या काकूचं काही झालं तर तिला नेसवू काय? हिरवी की पांढरी? ओटी भरायची की नाही? गावातल्या बाया दारात दोन बाजूंना उभ्या राहतील आणि काकू मध्ये. तुम्हीच सांगा, कसं दिसेल ते. म्हणून म्हटलं आधीच काय ते ठरू दे."

त्याचं खरं होतं. मी त्याला चहा पाजला.

दुपारनंतर बाईंनी नवव्या पायरीवर भिंग खाली ठेवलं. ही पायरी काचेची. वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण मागे सरकवून उघडं चिकटवायचं की पुढे ओढून बंद, याची दोन चित्रं शेजारी शेजारी होती.

"दोन्ही चालतं?" मी विचारलं.

"आपण ठरवायचं असं लिहिलंय." बाई काचेकडे बघत होत्या. "कर्णिक म्हणून ह्यांचे मित्र होते. त्या दिवशी ते दुसऱ्या विमानातून वरून चालले होते. पुढे विलायतेत स्थायिक झाले, त्यांनीच हे पाठवलं, पत्रासकट. लिहिलं होतं की प्रधानांचं विमान धूर सोडत खाली गेलं ते मी पाहिलं. पण काच उघडी होती की बंद, ते धुरात दिसलं नाही. उघडी असेल तर उडी मारली. बंद असेल तर नाही." त्यांनी पदराने भिंग पुसलं. "वहिनी, मी अठ्ठावीस वर्षं आठवून बघतोय, असं लिहिलं होतं. शेवटी हा खोका पाठवला. यात दोन्ही सोय आहे म्हणून असेल."

"मग कशी लावू?"

"ते मी रविवारी सांगेन. तोवर लावू नकोस."

आता मला कळलं, पायरी क्रमांक एक, म्हणजे खुर्चीतला माणूस, बाईंनी मागे का ठेवला होता. पंधरा वर्षं बाईंना जोडणारा मिळाला नव्हता असं नाही. पेणमध्ये प्रत्येक आळीत जोडणारे आहेत.

शनिवारपर्यंत विमान उभं राहिलं. सांधे घासले, हिरवा-तपकिरी रंग दिला, पंखांवर हवाईदलाचे गोल लावले. काच नुसती खाचेत बसवली होती, बोटाने मागेपुढे सरकत होती. बाईंनी वळून वळून पाहिलं, पंखाखालूनही पाहिलं, आणि "बरं आहे" म्हणून घरी गेल्या. रंग वाळायला वेळ होता. कारागीर जेवायला गेलेले. माझे हात मोकळे होते, आणि हीच मोठी चूक.

आमच्या धंद्यात रिकामा हात वाईट. मी काडेपेटीतून तो माणूस काढला, टाचणीवर टोचला. उद्या लागणारच आहे, रंगवून तर ठेवू म्हटलं. टोपी तपकिरी केली, कपडे निळे-राखाडी, चेहऱ्याला कातडीचा रंग. मग कोरा चेहरा माझ्याकडे बघेना. तीन केसांचा ब्रश होता, त्यातले दोन केस ब्लेडने उडवले आणि श्वास धरून डोळे आखले. वीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही मी. हात आपोआप गेला.

श्वास सोडला आणि मग लक्षात आलं.

माझ्या वडिलांचा एक नियम होता, त्यांच्या वडिलांपासून आलेला. आखणी सगळ्यात शेवटी. डोळे उघडले की काम संपलं. मग मूर्तीला घासायचं नाही, कापायचं नाही, काही चिकटवायचं नाही. हात लावायचा तो फक्त उचलायला. सोंडेचा टवका उडालेला डोळे आखल्यावर दिसला, म्हणून वडिलांनी एकदा आख्खी तीन फुटी मूर्ती तशीच पाण्यात सोडली होती, गिऱ्हाईकाला दुसरी फुकट करून दिली होती. आणि मी इथे, माणूस अजून खुर्चीत चिकटवायचाय, आणि त्याचे डोळे उघडून बसलो होतो.

सुगंधा डबा घेऊन आली तेव्हा मी तसाच बसलेलो. तिने टाचणी उचलली, उजेडात धरली.

"अहो, हा विमानवाला आहे की गौरीचा शंकर?"

बघितलं तर खरंच. डोळे गणपतीचे झाले होते. लांब, कमळाच्या पाकळीसारखे, वरची पापणी किंचित झुकलेली, समोरच्याला काय हवंय ते विचारणारे. लढाईला निघालेल्या माणसाचे असे डोळे नसतात.

"पुसा की थिनरने."

"उघडलेले डोळे पुसायचे?"

"प्लास्टिकचा आहे तो."

"आणि आपला प्लास्टरचा असतो."

तिने टाचणी मला परत दिली. डबा उघडून समोर ठेवला आणि म्हणाली, "मग बाईंना खरं सांगा. करून करून काय करतील. फार तर नापास करतील."

रविवारी चारच्या सुमाराला बाई आल्या. मागे सदानंद, कारण उद्या जीप पहाटे निघणार होती आणि त्याला आजच उत्तर हवं होतं. विमान मी खिडकीशी पाटावर ठेवलं होतं. आत खुर्ची, खुर्ची रिकामी.

बाई स्टुलावर बसल्या. पर्समधून भिंग काढलं. "आता पायरी क्रमांक एक," म्हणाल्या.

"बाई, त्यात माझी एक चूक झालीय."

"मोडला?"

"नाही. डोळे आखले मी त्याचे. सवयीने. आणि आमच्यात डोळे आखल्यावर चिकटवत नाहीत. आधी विचारायला हवं होतं. दुसरा माणूस लाकडाचा कोरून देतो हवा तर, रात्री बसून."

"बघू."

मी टाचणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मोतीबिंदूमुळे त्यांना भिंग पुढेमागे करावं लागायचं. तसं करत करत ते एका जागी थांबलं, आणि मग बराच वेळ हललं नाही. सदानंदाने घड्याळ बघितलं, मग बघितलं म्हणून ओशाळला.

"असेच होते का काकांचे डोळे?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

सदानंद पुढे सरकला.

"सतरा दिवस होते घरात. घर पाहुण्यांनी भरलेलं. दिवसा समोर यायची रीत नव्हती. आले तर मान खाली. रात्री खोलीत कंदील बारीक करायचा, सासूबाई तेलाचा हिशेब धरायच्या. निघाले त्या दिवशी मी नमस्काराला वाकले, तेव्हा त्यांचे बूट दिसले. बूट सांगू शकेन मी. तपकिरी होते, डाव्याची नाडी तुटून गाठ मारलेली." भिंग अजून तिथेच होतं. "फोटो आहे एक. त्यात गॉगल लावलेला. वर मान करून मी त्यांच्याकडे एकदाही पाहिलेलं नाही, सदानंदा. तेव्हा पाहत नसत. वाटायचं, घाई काय आहे."

सदानंद विमानाकडे बघत राहिला.

"तुम्ही सगळे मला सांगत आलात की निरोप द्या, निरोप द्या. बघितलंच नाही अशा माणसाला निरोप कसा द्यायचा असतो ते मला कोणी सांगितलं नाही. शास्त्रात बारा वर्षं लिहिलीत. त्याआधी किती दिवस बघायचं ते कुठे लिहिलंय?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मोतीबिंदूमुळेही येतं, पण हे ते नव्हतं. त्यांनी ते पुसलं नाही, भिंग हललं असतं म्हणून असेल.  मी उगीच ब्रश धुवायला घेतला.

मग त्या म्हणाल्या, "मोकल, दहापैकी नऊ."

"एक कुठे गेला, बाई?"

"कान मोठे केलेस. तुला गणपतीशिवाय सुचत नाही."

"ते कानावरचे रेडिओचे गोळे आहेत. मुळातच तसे होते."

"मग उत्तर उलटं लिहिलंस म्हणून. शेवटचं आधी केलंस." त्यांनी टाचणी माझ्याकडे दिली. "बसव त्यांना."

"बाई, चिकटवायचं नाही म्हणून सांगितलं ना."

"चिकटव कोण म्हणतंय? नुसतं बसव."

मी टाचणी काढली आणि त्याला वरून अलगद खुर्चीत उतरवलं. मापात बसला. बाईंनी स्वतःच्या बोटाने काच पुढे ओढली. बंद. मागे सारली. उघडी. परत ओढली, परत सारली.

"ही अशीच सरकती राहू दे," म्हणाल्या. "हिलाही चिकटवू नकोस."

"काकू," सदानंद म्हणाला, "मग काय धरायचं? आत की बाहेर?"

"रोजचं रोज बघेन."

"आणि गुरुजींना काय सांगू?"

"सांग, माणूस अजून हलतोय."

सदानंदाने पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "जीपवाल्याला विसार दिलाय."

"मग जाऊ की. पोरीलाही घे. समुद्र बघून येऊ. विधी नको, भजी खाऊ." त्या उठल्या. "आणि तिच्यासाठी त्या गुरुजींनी आणलेली स्थळं बघणं बंद कर आधी. एक मुलगा तोतरा होता आणि एकाला भारताची राजधानी सांगता येईना."

मुलीचं पुढच्या वैशाखात जमलं. गुरुजींचा त्यात काही हात नव्हता.

ऑपरेशनही नीट झालं. त्यानंतर आठ वर्षं मी बाईंच्या घरावरून जायचो तेव्हा खिडकीतून दिसायचं. विमान टेबलावर, काच उघडी, आणि शेजारी बाईंच्या चहाच्या बशीच्या काठावर तो माणूस बसलेला, हात मांडीवर ठेवून. सकाळी उठलं की बाई त्याला बाहेर काढायच्या. चहा व्हायचा, वर्तमानपत्र व्हायचं, मोठ्याने वाचून. दिवेलागणीला परत खुर्चीत आणि काच पुढे. "रात्री गार असतं," असं मला एकदा म्हणाल्या होत्या, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. गावात कोणी म्हणालं की म्हातारी चळली. मला तसं कधी वाटलं नाही. बाई एकाच माणसाशी बोलायच्या, आमच्या घरात बाराशे गणपतींशी रोज बोलणं चालतं.

चौऱ्याण्णव साली पौषात, सकाळी सातच्या आत सदानंद सायकलवरून आला. "काकू गेली," म्हणाला. "झोपेतच. चला तुम्ही."

"मी येऊन काय करू?"

त्याने खिशातून कागद काढला. बाईंचं अक्षर, फळ्यावर असायचं तसं, एकाच उंचीचं. लिहिलं होतं, 'साडीचं मोकलला विचारावे. तो विमानात बघून सांगेल.' खाली सही आणि तारीख.

घराशी गेलो तर आठ वर्षांपूर्वी सदानंद म्हणाला होता तेच. ओसरीवर गावातल्या बाया दोन बाजूंना, मध्ये वाट. एका बाजूला हिरव्या साडीची घडी आणि चुडा, दुसऱ्या बाजूला पांढरी. दोन्हीकडे तयारी जय्यत. सदानंद मला आतल्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेला आणि बाहेरच थांबला. "तुम्ही बघा," म्हणाला. "मला धीर होत नाही."

मी एकटा आत गेलो. बाई कॉटवर, पांघरूण गळ्यापर्यंत, कुंकू कालचं थोडं विसकटलेलं. टेबलावर विमान. काच पुढे ओढलेली, बंद. आत माणूस, मीच आखलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत बसलेला. बशी पालथी घातलेली होती.

आठ वर्षांत मी कधी निरखून पाहिलं नव्हतं तेवढं त्या वेळी पाहिलं. काच बंद आणि माणूस आत. सांगायचं तर सरळ होतं. दारापलीकडे सदानंद होता, आणि त्याच्यापलीकडे दोन साड्या.

मग मी खिडकीकडे पाहिलं. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. बाई झोपेत गेल्या होत्या, म्हणजे आजचं काम त्यांच्या हातून व्हायचं राहिलं होतं, एवढंच. मी बशी उताणी केली. बोटाने काच मागे सारली, माणसाला वर उचललं आणि बशीच्या काठावर बसवलं. नियमात उचलायला परवानगी होती. आणखी काही मी केलं नाही.

"सदानंदराव," मी हाक मारली, "या आत. बघा."

तो आला, वाकला. काच उघडी, खुर्ची रिकामी. त्याने बराच वेळ विमानाकडे पाहिलं, मग बशीकडे, मग माझ्या बोटांकडे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला न कळण्यासारखं काही नव्हतं.

"उतरलेत," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाला, "हिरवी आणा."

बाईंना हिरवी नेसवली, चुडा भरला, मळवट भरला. सदानंदाची बायको खण-नारळ घेऊन ओटी भरायला वाकली तेव्हा मी बशीवरून त्याला उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "वहिनी, हे पण असू द्या." तिने काही विचारलं नाही. तांदळात त्याला नीट बसवलं, नारळाला टेकून, तोंड बाईंकडे.

विमान सदानंदाने मला दिलं. कारखान्यात खिडकीशी त्याच पाटावर आहे, काच उघडी. गणपती ठरवायला येणारी गिऱ्हाईकं त्याच्यापाशी थांबतात, खाली वाकून आत बघतात. यात माणूस नाही का, म्हणून विचारतात.

होता, म्हणून सांगतो. उतरले.